पोर मुद्दाम करत नाही

एखादे पोर सारखे डोळे मिचकावते. मान झटकते. मध्येच घशातून आवाज काढते. आपण ओरडतो, "गप बस की!" कुणी म्हणते, बाहेरची बाधा आहे. मग अंगारा, नाहीतर चापट.

पण पोर मुद्दाम करत नाही. बाधाही नव्हे. असे झटके आणि आवाज दोन्ही वर्षाहून अधिक काळ चालले, तर त्याला टुरेट म्हणतात. हा मेंदूचा विकार आहे. टुरेट नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८८५ साली त्याची माहिती लिहिली. दहा-बाराव्या वर्षी तो बहुधा जोर करतो. पुढे पुष्कळांचा कमी होतो.

औषधाशिवाय काय करावे? शिंकेआधी नाक हुळहुळते ना? तशीच झटक्याआधी आतून ओढ लागते. पोराने ती ओळखावी. मान झटकत असेल, तर हनुवटी किंचित खाली घेऊन मान स्थिर धरावी. ओढ ओसरेपर्यंत तशीच ठेवावी. आवाज येत असेल, तर नाकाने सावकाश श्वास घ्यावा.

२०१० साली अमेरिकेत १२६ मुलांवर ही रीत तपासली. ती शिकलेल्यांपैकी निम्म्या मुलांना चांगला गुण आला. नुसती समजूत घातलेल्यांत पाचांतल्या एकालाच आला.

ही रीत जाणत्याकडून शिकावी. आधी डॉक्टरला दाखवावे. घरी आपण एवढे करू: टोकायचे नाही, नक्कल करायची नाही, झोप पुरी होऊ द्यायची. मास्तरांनाही सांगून ठेवू. पोराचे निम्मे ओझे तिथेच उतरते.