उशिरा उघडलेले खाते

शेवंती, झेंडू, सूर्यफूल, पावसाळा सरताना सह्याद्रीची पठारे पिवळी करून टाकणारी सोनकी, इतकेच काय, चटणीचे कारळे आणि तेलाची करडई हे सारे एकाच कुळातले भाऊबंद आहेत, असे सांगितले तर पटकन विश्वास बसत नाही. पण त्यांची कुळाची खूण एकच आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो, ते या कुळात अख्खे एकत्र कुटुंब असते. सूर्यफुलाच्या चकतीतला प्रत्येक ठिपका हे स्वतंत्र फूल आणि कडेची प्रत्येक पिवळी पाकळी हेही वेगळे फूलच! या कुळातल्या तीस हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. एवढी मोजदाद झाल्यावर आता नवे काय सापडणार, असे कुणालाही वाटेल.

पण सापडले. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, रिओ ग्रांदे नदी मेक्सिकोच्या सीमेवर मोठे वळण घेते तिथे ‘बिग बेंड’ हे राष्ट्रीय उद्यान आहे. १९४४ साली स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ सव्वातीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. मध्यभागी चिसोस पर्वत आणि भोवती चिहुआहुआचे वाळवंट. तिथे मार्च २०२४ मध्ये एक स्वयंसेविका आणि तिच्याबरोबरची एक व्यक्ती दगडगोट्यांतून चालत असताना त्यांच्या नजरेला काही इवली रोपटी पडली. इंच-दोन इंच, फार तर तीन इंच पसरलेली. पाने पांढऱ्या लवीने झाकलेली, जणू कुणी कापसाचे बोंड टाकून गेले आहे. आणि फुलाला पाकळ्या बहुधा दोनच, शिंगांसारख्या उभ्या, तांबूस रेषांच्या.

रोपाचे छायाचित्र ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर गेले. वनस्पती ओळखणाऱ्या जाणत्यांनी पाहिले, पण कुणालाच नाव सांगता येईना. मग जुने नमुने काढून ताडून पाहिले गेले, डीएनए तपासले गेले. निष्कर्ष असा निघाला, की ही केवळ नवी जात नव्हे, तर तिच्यासाठी नवी प्रजातीच मांडावी लागणार. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानात असा योग जवळजवळ पन्नास वर्षांनी आला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये शोधनिबंध छापून आला आणि रोपाचे बारसे झाले : ‘ओव्हिक्युला बायरेडिएटा’. लॅटिनमध्ये ओव्हिक्युला म्हणजे छोटी मेंढी, आणि बायरेडिएटा म्हणजे दोन पाकळ्यांची. बोलीतले नाव मात्र ‘लोकरी सैतान’! मेंढी आणि सैतान एकाच अंगात. टोपणनावे सगळीकडे अशीच असतात.

आयुष्यातली बरीच वर्षे मी बँकेच्या काउंटरमागे काढली. आमच्याकडे नवे खाते उघडायचे तर ओळख द्यायला जुना खातेदार लागे आणि कार्डावर नमुना सही घेतली जाई. पुढे कधीही शंका आली, की ते कार्ड काढून सही ताडायची. वनस्पतिशास्त्राचा रिवाज यापेक्षा फार वेगळा नाही. नव्या जातीचे रीतसर वर्णन छापावे लागते आणि एक वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. पुढे कुणाला संशय आला, तर निवाडा त्या नमुन्यावरून. २०११ च्या अखेरीपर्यंत हे वर्णन लॅटिनमध्येच द्यावे लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालते.

नावाने असा काय फरक पडतो? रोप तर नावाआधीही उगवतच होते. फरक पडतो तो हिशेबात. ज्याचे खाते नाही, त्याची शिल्लक किती आणि तूट किती, हे कोण मोजणार? नाव नसलेली वनस्पती नष्ट झाली, तर ती गेल्याचीही नोंद होत नाही. तिच्यासाठी कुंपण घालावे, रस्ता थोडा वळवावा, असे कुणाला सांगायचे तरी काय म्हणून सांगणार?

ही शंका पोकळ नाही. लोकरी सैतान आजवर उद्यानाच्या उत्तर टोकाच्या तीनच चिंचोळ्या जागी दिसला आहे. पुरेसा पाऊस झाला तरच तो उगवतो, थोडे दिवस फुलतो आणि दिसेनासा होतो. पाहायचा तर पोटावर पालथे पडावे लागते. त्या वाळवंटात दुष्काळ वाढत चालला आहे, आणि संशोधकांनाच धास्ती आहे, की आपण नोंद केली ती बहुधा निघून चाललेल्या पाहुण्याची.

आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवरही पावसाबरोबर येणारी आणि काही आठवड्यांतच जाणारी अशी बुटकी फुले आहेत. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिथे जाणाऱ्यांची नजर दूरच्या रंगांवर असते. पायाखाली काय आहे, हे पाहायला वाकावे लागते. बिग बेंडमध्येही दोघेजण वाकून पाहायला थांबले, म्हणून हे सारे घडले.

तिकडे खाते तर उघडले. त्यात शिल्लक किती उरते, हे आता पुढचे पाऊस ठरवतील.