चोवीस तास चौदा मिनिटे

इंजिन नसलेले विमान खाली का पडत नाही? वर्गात हा प्रश्न निघाला की ‘हवा त्याला उचलून धरते’ असे उत्तर बहुधा दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. खरे तर ग्लायडर हवेत सुटल्या क्षणापासून जमिनीवर टेकेपर्यंत पडतच असते. त्याला पुढे जाण्यासाठी लागणारी ऊर्जा उंची खर्च करूनच मिळते. उतारावरून पायडल न मारता जाणाऱ्या सायकलीसारखीच ही गोष्ट आहे. उतार संपला की सायकल थांबते, उंची संपली की ग्लायडर उतरते.

जुन्या लाकडी ग्लायडरचा हिशेब करून पाहू. त्याचा वेग ताशी ६० किलोमीटर आणि खाली येण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धरू. ३०० मीटर उंचीवरून सोडल्यास ते ३०० सेकंदांत, म्हणजे पाच मिनिटांत जमिनीवर येईल आणि तेवढ्या वेळात ५ किलोमीटर जाईल. हवा स्थिर असेल तर कितीही कुशल वैमानिकाला यापेक्षा फारसे काही करता येणार नाही.

आणि तरीही १३ मे १९३७ रोजी पोलंडमधील व्हांडा मोद्लिबोव्स्का नावाची २७ वर्षांची तरुणी अशाच एका लाकडी ग्लायडरमधून उडाली, ती दुसऱ्या दिवशी, १४ मे रोजी उतरली. मधला काळ होता २४ तास १४ मिनिटे. विनाइंजिन उड्डाणाच्या कालावधीचा हा स्त्रियांचा जागतिक विक्रम होता. पाच मिनिटांचे चोवीस तास कसे झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

मोद्लिबोव्स्काबाईंचे हे उड्डाण बेझम्येखोवा येथे झाले. पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात, कार्पेथियन पर्वताच्या बाहेरच्या टेकड्यांमध्ये हे खेडे आहे. त्याच्या वर एक लांबलचक डोंगरधार आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ल्वुव (आजचे युक्रेनमधील ल्विव) येथील तंत्रविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ही जागा ग्लायडिंगसाठी निवडली आणि थोड्याच वर्षांत ती देशातील प्रमुख ग्लायडिंग शाळांपैकी एक झाली. जागेच्या निवडीचे कारण वाऱ्यात आहे.

वारा डोंगराच्या अंगावर येतो तेव्हा त्याला आरपार जाता येत नाही. तो उताराला धरून वर चढतो. उतार पाचास एक असेल, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढत असेल आणि वारा सेकंदाला १० मीटर वेगाने वाहत असेल, तर उताराजवळची हवा सेकंदाला सुमारे २ मीटर या वेगाने वर जाते. आपले ग्लायडर हवेच्या सापेक्ष सेकंदाला १ मीटर खाली येते आहे. पण ती हवाच २ मीटर वर चढते आहे. म्हणजे जमिनीवरून पाहणाऱ्याला ग्लायडर सेकंदाला १ मीटर वर जाताना दिसेल. वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर सावकाश खाली उतरणाऱ्या माणसासारखे हे आहे. डोंगरापासून वर जावे तसा हवेचा चढ मंदावतो. जिथे हवेची चढती गती आणि ग्लायडरची उतरती गती सारखी होते, तिथे ग्लायडर आणखी वर जात नाही आणि खालीही येत नाही.

वैमानिकाचे काम एवढेच की या चढत्या हवेच्या पट्ट्यातून बाहेर पडायचे नाही. त्यासाठी धारेला समांतर जायचे, टोकाशी वळायचे आणि परत यायचे. मात्र वळताना प्रत्येक वेळी डोंगराकडे पाठ करून, वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वळायचे. डोंगराकडे वळल्यास ग्लायडरच्या वेगात वाऱ्याचा वेग मिळतो. वरच्या आकड्यांप्रमाणे ताशी ६० अधिक ३६, म्हणजे जवळजवळ १०० किलोमीटर वेगाने ग्लायडर झाडांवर जाऊन आदळेल. धारेच्या पलीकडे गेले तर तिथली हवा खाली उतरत असते. त्यामुळे सगळा मार्ग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा होतो, तोही एका अरुंद पट्ट्यात.

आता रात्रीचा विचार करू. सूर्य मावळला की जमीन थंड होते आणि दिवसा तापलेल्या जमिनीवरून उठणारे उष्ण हवेचे स्तंभ नाहीसे होतात. घारी त्यामुळेच संध्याकाळी झाडांवर परततात. डोंगरावर चढणाऱ्या वाऱ्याला मात्र उन्हाची गरज नसते, तो वाहता असला म्हणजे पुरे. म्हणून दीर्घकाळ उडण्याचे विक्रम डोंगरधारांवरच झाले. पण बेझम्येखोवाच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला रात्र साधारण साडेआठ तासांची असते. एवढा वेळ काळोखात, वर सांगितलेल्या शिस्तीने, डोंगराला न लागता फिरत राहायचे होते. हातातला दांडा सोडता येत नाही. उठून उभे राहता येत नाही. रात्री हवा शांत झाली तर उड्डाण सुखाचे होते, पण शांत हवाच डोळ्यांवर झोप आणते. पहाटेच्या दोन ते पाच या वेळात माणसाची सावधता सर्वांत कमी असते, हे आज आपल्याला माहीत आहे. काही सेकंदांची डुलकीही अशा वेळी पुरेशी असते.

मोद्लिबोव्स्काबाईंचे चोवीस तास चौदा मिनिटे म्हणजे १४५४ मिनिटे. मिनिटाला एक किलोमीटर धरले तर हवेतून कापलेले अंतर झाले १४५४ किलोमीटर, विस्थापन मात्र जवळजवळ शून्य! अंतर आणि विस्थापन यांतील फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. दुसरा हिशेब आणखी गमतीचा आहे. सेकंदाला १ मीटर या दराने ८७,२४० सेकंदांत ग्लायडर हवेच्या सापेक्ष ८७ किलोमीटर खाली पडले. तेवढीच उंची वाऱ्याने परत दिली. ग्लायडर आणि वैमानिक यांचे मिळून वस्तुमान २०० किलोग्रॅम धरल्यास यासाठी लागणारी शक्ती सुमारे २ किलोवॅट, म्हणजे तीन अश्वशक्तीपेक्षाही कमी येते. चोवीस तासांत वाऱ्याकडून घेतलेली ऊर्जा झाली सुमारे ४७ युनिट. हे आकडे आपण धरलेल्या वेगांवर अवलंबून आहेत. विद्यार्थ्यांना वेग बदलून पुन्हा हिशेब करायला सांगावे.

हे ग्लायडर ‘कोमार’ जातीचे होते. पोलिश भाषेत कोमार म्हणजे डास. ते तयार केले होते अंतोनी कोत्स्यान या अभियंत्याने. १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि डोंगरधारेवरचे हे जग संपले. कोत्स्यानला ऑशविट्झच्या छळछावणीत टाकण्यात आले. तिथून सुटल्यावर तो भूमिगत सैन्याच्या हेरखात्यात काम करू लागला. जर्मनीच्या व्ही-१ आणि व्ही-२ या अस्त्रांची माहिती जमवण्यात त्याचा मोठा वाटा होता. तो पुन्हा पकडला गेला आणि ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सा येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मोद्लिबोव्स्काबाईंनीही युद्धकाळात पोलंडच्या भूमिगत सैन्यात काम केले. त्या मात्र युद्धातून वाचल्या आणि २००१ पर्यंत जगल्या.

त्यांच्या विक्रमाचे पुढे काय झाले? ग्लायडरने हवेत टिकण्याचा इतिहास पाहिला तर आकडे भराभर वाढत गेलेले दिसतात. ऑर्विल राइट १९११ मध्ये पावणेदहा मिनिटे टिकला. १९२२ मध्ये जर्मनीत तीन तासांचे उड्डाण झाले. १९३१ मध्ये हवाई बेटावर विल्यम कॉक साडेएकवीस तास उडाला आणि १९३३ मध्ये कुर्ट श्मिट छत्तीस तासांहून अधिक. युद्धानंतर १९४८ मध्ये फ्रान्सच्या मार्सेल श्वाने पस्तीस तास उडाल्या. १९५२ मध्ये शार्ल अत्झे या फ्रेंच वैमानिकाने ५६ तास १५ मिनिटांची मजल गाठली. पण याच विक्रमाच्या मागे लागून वैमानिकांचे प्राणही गेले. अखेर १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने कालावधीचे विक्रम नोंदवणे बंद केले.

हा निर्णय केवळ दयेपोटी झाला असे मला वाटत नाही. प्रयोगशाळेत आम्ही एखादे मोजमाप घेतो तेव्हा स्वतःला विचारावे लागते, की हे उपकरण नेमके काय मोजते आहे? सुरुवातीला उड्डाणाचा कालावधी ग्लायडरचा दर्जा आणि वैमानिकाचे कसब मोजत होता. पाच मिनिटांचे तीन तास करण्यासाठी चढत्या वाऱ्याचे स्वरूप समजावे लागले. ते एकदा समजल्यावर मात्र वारा किती वेळ वाहतो आणि माणूस किती वेळ झोप रोखू शकतो, एवढेच मोजले जाऊ लागले. मोजपट्टी तीच राहिली, मोजली जाणारी गोष्ट बदलली.

याचे उत्तम उदाहरण त्याच डोंगरधारेवर मिळते. बेझम्येखोवाहूनच मे १९३८ मध्ये तादेउश गुरा या तरुणाने उड्डाण केले, पण तो धारेवर थांबला नाही. एका चढत्या प्रवाहातून दुसरा शोधत तो ईशान्येला निघाला आणि ५७७.८ किलोमीटरवर, व्हिल्नियसजवळच्या सोलेचनिकी येथे उतरला. ग्लायडिंगमधील मानाचे लिलिएंथल पदक सर्वप्रथम त्याला मिळाले. इथे केवळ टिकून भागत नव्हते. आकाश वाचावे लागत होते. पुढे याच वाटेने पोलंडच्या पेलागिया मायेव्स्का (१९३३-१९८८) यांनी सतरा जागतिक विक्रम केले. त्यांच्या नावाचे पदक हवाई क्रीडा महासंघातर्फे महिला ग्लायडर वैमानिकांना दिले जाते.

मग मोद्लिबोव्स्काबाईंचे ते चोवीस तास निरर्थक ठरले का? मुळीच नाही. डोंगरावरचा वारा इतका विश्वासाचा असतो की त्याच्या आधारावर एक अख्खी रात्र काढता येते, हे त्यांनी स्वतः त्या वाऱ्यात बसून दाखवून दिले. आजही ग्लायडर वैमानिकांच्या रौप्य चिन्हासाठी पाच तासांचे एक उड्डाण करावे लागते. चोवीस तासांची शर्यत गेली, पण धीराने आणि शिस्तीने हवेत राहता येणे हा शिक्षणाचा भाग म्हणून टिकला.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन एखाद्या गडावर जाल तेव्हा वाऱ्याच्या बाजूच्या कड्यावर थोडा वेळ थांबा. सूर्य ढगाआड असतानाही एखादी घार पंख न हलवता कड्याला धरून मागेपुढे जाताना दिसेल. ती वळताना कोणत्या बाजूला वळते, हे मुलांना नीट पाहायला सांगा. कारण मात्र लगेच सांगू नका.