दरडींचे निरीक्षण आणि निवेदनाची भाषा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील मध्यवर्ती बसस्थानकावर पावसाळ्यात एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘दरड कोसळल्यामुळे घाट बंद आहे.’ करूळ, भुईबावडा, फोंडा वा आंबा, घाट कोणताही असो, वाक्य तेच. प्रवाशाला एवढी वार्ता पुरते. डोंगराच्या हालचालींची नोंद ठेवू पाहणाऱ्यास मात्र ती अपुरी आहे. कारण काय पडले, कोठून पडले, केव्हा पडले आणि ते कोणी पाहिले, यांपैकी कशाचाही बोध तीतून होत नाही.

हिमाच्छादित पर्वतांत हिमस्खलनाच्या नोंदीची शिस्त रूढ झालेली आहे. निरीक्षक तेथे स्खलनाचा प्रकार, आकार, निमित्त, उताराची दिशा, उंची आणि वेळ ही अंगे पृथक् नोंदवितो. सह्याद्रीत हिमाचे स्थान पावसाने जड झालेली माती आणि झिजलेला कातळ घेतात. निरीक्षणाचे प्रश्न मात्र बव्हंशी तेच राहतात.

भूस्खलनाचे जे वर्गीकरण डेव्हिड व्हार्न्स यांनी १९७८ साली मांडले, त्यात हालचालीचे पडणे, उलथणे, घसरणे, पसरणे आणि वाहणे असे मुख्य प्रकार मानले आहेत. मराठीला हे भेद परके नाहीत. कडा ढासळतो, धोंडा गडगडतो, माती घसरते, चिखल वाहून येतो, रस्ता खचतो. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता ‘खचला’ असेच लोक म्हणाले, आणि ते यथार्थ होते. हालचालीचा प्रकार क्रियापदात असतो. ‘दरड कोसळली’ या ठरीव प्रयोगात तो पुसला जातो. तेव्हा नवी परिभाषा घडविण्यापूर्वी घाटमाथ्यावरील माणसाने योजलेले क्रियापद जसेच्या तसे टिपून घेणे श्रेयस्कर होय.

दुसरा प्रश्न प्रामाण्याचा. ‘म्हणे’ या एका अव्ययाने मराठी वक्ता ऐकीव गोष्टीची जबाबदारी स्वतःवरून दूर करतो. लेखी अहवालात हे अव्यय गळते आणि ऐकीव वार्ता प्रत्यक्ष दर्शनाच्या पंक्तीस बसते. म्हणून पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानिलेले हे तीन रकाने निराळे असावेत. ‘रात्री मोठा आवाज झाला’ हे ऐकलेले. ‘सकाळी ओढ्याचे पाणी गढूळ होते’ हे पाहिलेले. ‘वर कडा सुटला असावा’ हे अनुमान.

तिसरा प्रश्न काळाचा. ‘भेग पडली आहे’ या वाक्यातून ती कालची की गतवर्षीची हे कळत नाही. ‘भेग वाढत आहे’ असे म्हणण्यास किमान दोन मोजमापे हवीत. भेगेच्या दोन्ही बाजूंस खुंट्या ठोकून त्यांतील अंतर रोज ठरावीक वेळी मोजले, तर त्या विधानास आधार मिळतो. नवे झरे फुटणे, झाडे वा खांब कलणे, दारे चौकटीत अडकू लागणे, भिंतींना तडे जाणे ही लक्षणेही दिनांक व स्थळ यांसह नोंदवावयास हवीत.

हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ढिगाऱ्याखाली गेले आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. गाव दिसेनासे झाल्याची वार्ता बाहेर पोहोचविली ती एस. टी. बसच्या चालकाने. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे तसाच अनर्थ घडला. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. याद्या आवश्यकच, पण यादीबाहेरच्या डोंगरावर रोज दृष्टी असते ती तेथे राहणाऱ्यांची.

कोलकात्यात २०२४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झाले. अशा केंद्राच्या अनुमानांची पारख अखेर स्थळ, वेळ आणि प्रकार यांच्या विश्वसनीय नोंदींवरच होते. त्या नोंदींचा पहिला शब्द उच्चारणारा गुराखी, एस. टी. चालक वा गावचा पोलीस पाटील असतो. त्याला ‘दरड कोसळली का?’ असे विचारल्यास ‘होय’ एवढेच उत्तर मिळेल, ‘काय पाहिले?’ असे विचारल्यास नोंद मिळेल.