‘ऑल सीझन’ टायरमध्ये हिवाळा किती असतो?

घरातलं मूल परदेशी निघालं की आपण काय काय बांधून देतो! मसाले, लोणचं, औषधांची पुडी, लोकरी टोपी, वर दहा सूचना. त्या सूचनांत टायर कधीच नसतो. आमच्याही घरात नव्हता. गेल्या नोव्हेंबरात आपाचा फोन आला, तेव्हापासून तो आमच्या बोलण्यात आला.

आपा तेव्हा कॅनडात, ऑन्टारियो प्रांतातल्या किचनर शहरात मुलाकडे होती. नातीला सांभाळायला गेलेली. भाच्याने सप्टेंबरमध्ये जुनी गाडी घेतली होती, २०१७ ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. दिसायला साधी, पण अंगात जोर असलेली, रुंद टायरची, वळणावर रस्त्याला चिकटून धावणारी. नोव्हेंबरच्या एका सकाळी पहिला बर्फ पडला. मागच्या सीटवर आपा आणि सहा महिन्यांची नात. चौकात थांबायची पाटी आली, भाच्याने ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. वेग फार नव्हता. गाडी सरळ घसरत चौक ओलांडून समोरच्या फुटपाथच्या कडेला जाऊन टेकली. आडव्या रस्त्याने त्या क्षणी कुणी आलं नाही, म्हणून हा लेख टायरविषयी आहे.

आपा फोनवर एवढंच म्हणाली, “गाडी जरा सरकली.” खरं काय ते भाच्याने रात्री सांगितलं. त्याला एकच कोडं पडलं होतं. “मामू, टायर गुळगुळीत नव्हते हो. खाचा चांगल्या खोल होत्या. विकणारा म्हणाला होता, सगळ्या सीझनला चालतात.”

आपल्याकडे टायर पाहायची पद्धत हीच. बोट घालून खाच बघायची. खाच खोल तर टायर चांगला. महाराष्ट्रात ते पुरतंही, कारण इथल्या टायरला ऊन आणि पाऊस सोसायचा असतो. थंड देशात मात्र खाचेआधी रबर बघावं लागतं.

रबरही थिजतं

डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तर काय होतं? तेल तेच, बाटली तीच, पण थेंब पडत नाही. टायरच्या रबराचं काहीसं तसंच आहे. उन्हाळी टायरचं रबर गरम रस्त्यासाठी बनवलेलं असतं. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की ते कडक होऊ लागतं. वर्गात एखाद्या पोराकडे जुनं, दगडासारखं झालेलं खोडरबर असतं, ते कागदाला धरत नाही, नुसतं घसरतं. टायरचंही तेच. कडक रबर डांबरातल्या बारीक खडबडीत जागांत शिरत नाही, मग पकड येणार कुठून? त्यासाठी बर्फ पडलेला असायलाच हवा असंही नाही. कोरड्या पण गारठलेल्या रस्त्यावरही हे होतं. कडाक्याच्या थंडीत तर उन्हाळी टायरच्या रबराला तडे जाऊ शकतात. काही कंपन्या उणे ७ अंशांच्या खाली असे टायर वापरूच नका, हलवूही नका असं बजावतात.

भाच्याने दुसऱ्या दिवशी खाली वाकून टायरची बाजू वाचली. ते उन्हाळी टायर निघाले. अशा जोरदार गाड्यांना अनेकदा कंपनीतूनच उन्हाळी टायर येतात, आणि घेणाऱ्याला ते माहीतही नसतं. खाचा खोल होत्या हे त्याचं म्हणणं खरंच होतं.

बर्फासाठी बनवलेल्या टायरमध्ये दोन गोष्टी वेगळ्या असतात. रबर असं की थंडीतही मऊ राहतं. आणि रबराच्या ठोकळ्यांवर सुरीने मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा. त्या चिरांत हिम अडकतं, आणि अडकलेलं हिम रस्त्यावरच्या हिमाला धरतं. मुठीत दाबलेलं हिम हिमाला चिकटतं, तसं. आपल्या भाषेची इथे एक अडचण आहे. आकाशातून भुसभुशीत पडतं तेही बर्फ आणि रस्त्यावर काचेसारखं गोठतं तेही बर्फ. उर्दूतही दोन्हीला बर्फच. टायरला मात्र हा फरक फार मोठा. काचेसारख्या बर्फावर त्या चिरांचीही फारशी मात्रा चालत नाही.

नववी-दहावीच्या मुलांना आम्ही घर्षण शिकवतो, म्हणून हिशोब करून पाहिला. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी. कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.८ धरला तर ब्रेक लागल्यापासून सुमारे १२ मीटरवर थांबते. दाबलेल्या हिमावर ०.२ धरला तर जवळपास ५० मीटर. काचेसारख्या बर्फावर ०.१ धरला तर ९८ मीटर! वहीवरचा हा हिशोब ढोबळ आहे, रस्त्यावर आकडे थोडे मागेपुढे होतील. पण भाचा त्या चौकात का थांबला नाही ते कळायला पुरे.

नाव वाचू नका, चिन्ह शोधा

आता खरा घोळ. कॅनडा-अमेरिकेत टायरच्या दुकानात ‘ऑल सीझन’ असा प्रकार मिळतो. अमेरिकेत १९७७ मध्ये गुडइयरने ‘टिएम्पो’ हा टायर आणला, तेव्हापासून हा शब्द रुळला. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळे ऋतू म्हणजे हिवाळाही आलाच. पण या टायरच्या बाजूला बहुतेक वेळा ‘एम प्लस एस’ एवढंच असतं, म्हणजे मड अँड स्नो, चिखल आणि हिम. ही खूण खाचांच्या रचनेवरून मिळते. टायर बर्फावर चालवून पाहिलाच पाहिजे अशी त्यात अट नाही.

बर्फावर तपासलेल्या टायरला वेगळं चिन्ह असतं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमाचा कण. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या रबर उद्योगाने हे चिन्ह ठरवलं. दाबलेल्या हिमावर टायर गाडीला किती जोराने पुढे ढकलतो, हे ठरावीक नमुना टायरशी ताडून बघतात, आणि किमान १० टक्के सरस ठरला तर डोंगर मिळतो. मात्र ही परीक्षा पुढे जायच्या ताकदीची आहे. ब्रेकची नाही, वळायची नाही, काचेसारख्या बर्फाची तर नाहीच. पास म्हणजे पहिला नंबर नव्हे, हे आम्हा मास्तर लोकांना वेगळं सांगायला नको.

म्हणून दुकानात आज तीन प्रकार समोर येतात. एक, स्पोर्टी गाड्यांसाठीचे ऑल सीझन. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ किंवा कॉन्टिनेन्टलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस०६ प्लस हे या गटातले गाजलेले टायर. कोरड्यात आणि पावसात उत्तम, गाडीचा चपळपणा राखतात, हलक्या हिमात निभावून नेतात. पण मिशेलिनच्या या टायरवर डोंगर नाही. कॉन्टिनेन्टलवाल्यांनी एक चांगली सोय केली आहे. टायरच्या खाचांत डी, डब्ल्यू, एस अशी अक्षरं कोरलेली असतात, कोरडं, ओलं आणि हिम यांसाठी. झिजता झिजता ‘एस’ पुसला गेला की त्या टायरवर हिमात भरवसा ठेवू नका. टायर स्वतःच सांगतो, ही कल्पना आम्हाला फार आवडली.

दुसरा प्रकार ‘ऑल वेदर’. नाव ऑल सीझनची सख्खी बहीण वाटावं असं, पण यावर डोंगर असतो आणि तो वर्षभर ठेवता येतो. मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २ हे ओळखीचं उदाहरण. तिसरा प्रकार निव्वळ हिवाळी टायर, जो वसंतात काढून ठेवायचा.

कायदाही जागोजागी वेगळा. क्युबेकमध्ये नोंद असलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च डोंगराचं चिन्ह असलेले टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत रस्ता बर्फाळ असताना नुसता एम प्लस एस चालण्याची सवलत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. ब्रिटिश कोलंबियात हिवाळी टायरची सक्ती असलेल्या बऱ्याच रस्त्यांवर मात्र एम प्लस एस अजून चालतो, खाच ३.५ मिलिमीटर असली म्हणजे झालं. ऑन्टारियोत सक्तीच नाही, पण हिवाळी टायर घातले तर विमा कंपनीने हप्त्यात सवलत द्यायची, असा नियम २०१६ पासून आहे. ऑल वेदरला ती सवलत मिळेल का, हे टायर घेण्याआधी आपल्या कंपनीला विचारावं.

भाच्याचा हिशोब

मन म्हणत होतं पहिला प्रकार घे. गाडी चालवायची मजा आहे म्हणूनच तर त्याने ती घेतली. त्याचे मित्र दुसरंच सांगत होते, की चारही चाकांना जोर देणारी गाडी घे, टायर कुठलेही चालतील. हा गैरसमज आपल्या मुलांत फार दिसतो. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला तर गाडी बर्फातून निघते लवकर, पण थांबायला ब्रेकच लागतात, आणि ब्रेक टायरच्याच भरवशावर असतात.

सगळ्यात चांगला मार्ग दोन संचांचा. उन्हाळ्यात उन्हाळी, हिवाळ्यात हिवाळी, आणि हिवाळी संच एक इंच लहान रिमवर. भाच्याच्या गाडीचा आकार २२५/४० आर १८. म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर, रिम १८ इंच. त्याऐवजी २२५/४५ आर १७ घेतला तर बाजूची उंची १०१ मिलिमीटर होते, पण चाकाचा पूर्ण व्यास जवळजवळ तोच राहतो, ६३७ च्या जागी ६३४. स्पीडोमीटर बिघडत नाही, टायर स्वस्त पडतो, आणि बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाकायची भीती कमी. फक्त लहान रिम गाडीच्या ब्रेकवर बसते का, ते आधी तपासायला हवं. दोन्ही संच अर्धं अर्धं वर्ष झिजतात, त्यामुळे पैसा वाया जातो असंही नाही. विनिपेगला किंवा क्युबेकला राहणाऱ्या कुणी विचारलं तर आम्ही हेच सांगू, दुसरं काही नाही.

पण भाचा राहतो इमारतीच्या सातव्या मजल्यावर. चार टायर ठेवणार कुठे? दर मोसमाला बदलायची मजुरी, वर रिमचा खर्च, आणि धाकट्या बहिणीच्या फीसाठी दर महिन्याला घरी पाठवायचे पैसे. त्याचा रोजचा रस्ता सपाट, शहरातला, महापालिकेची गाडी सकाळीच बर्फ ढकलून मीठ टाकून जाते. शेवटी ठरलं, ऑल वेदर, चारही नवे. जुलैच्या गरम रस्त्यावर ते थोडे मऊ वाटतील, स्टिअरिंग पहिल्यासारखं झटकन उत्तर देणार नाही, आवाजही किंचित वाढेल. त्याने ते कबूल केलं. रस्ते काचेसारखे गोठतात त्या दिवशी गाडी घरीच ठेवायची, बसने जायचं, हेही आपाने त्याच्याकडून वदवून घेतलं.

चारही का? पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला दोनच नवे टायर पुढे लावले तर पुढची चाकं धरतात आणि मागची घसरतात. मग वळणावर गाडी लट्टूसारखी फिरते. दुकानात दोन घेऊन पैसे वाचवायचा मोह होतोच, तिथे ठाम राहावं लागतं.

भार आणि वेगाचा आकडाही बघावा. टायरच्या आकारापुढे ९२ लिहिलेलं असतं, म्हणजे एक टायर ६३० किलो पेलतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर कंपनीने जे दिलंय, त्याखाली उतरू नये. हवेकडेही लक्ष हवं. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की दाब एक पीएसआयने घटतो. म्हणजे २० अंशांच्या उबदार गॅरेजात भरलेली हवा बाहेर उणे १५ मध्ये सहा पीएसआयने कमी भरते. थंडीत महिन्यातून एकदा तरी, गाडी चालवण्याआधी, टायर गार असताना मोजायला त्याला सांगितलंय. आणि खाच ४ मिलिमीटरच्या खाली गेली की डोंगर असो वा नसो, तो टायर हिमाच्या कामाचा राहत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने दुकानातूनच फोटो पाठवले. आम्ही त्याला चारही टायरवरचा तारखेचा आकडा वाचायला लावला. बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार अंक असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीन टायर एकाच वर्षाचे होते, चौथा चार वर्षं जुना निघाला. दुकानदाराला दाखवल्यावर त्याने काही न बोलता आतून दुसरा आणून बसवला. त्या संध्याकाळी आपाचा फोन आला. नात झोपली होती, बाहेर बर्फ पडत होता आणि भाचा दूध आणायला पायीच गेला होता.