मुसळाचा ताल आणि स्कीचे यंत्र

बर्फावर पाऊल न ठेवता स्कीइंगचा व्यायाम घडविणारे यंत्र आता मुंबई-पुण्याच्या जिममध्ये रुळू लागले आहे. मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या ‘हायरॉक्स’ स्पर्धेत एक किलोमीटर धावल्यानंतरची पहिली कसरत याच यंत्रावरची, १००० मीटरची होती. ती संपताच पुन्हा धावायचे असते. त्यामुळे येथे दम उधळणाऱ्याला पुढची सारी स्पर्धा जड जाते.

डोक्यावरच्या दोन मुठी धरून दोर खाली ओढायचे आणि हात पुन्हा वर न्यायचे, हा झाला एक स्ट्रोक. दोर ओढल्याने आतले पंख्यासारखे चाक फिरते. हवेचा अवरोध हेच त्याचे ओझे. मिनिटाला किती स्ट्रोक झाले, हे पडद्यावर दिसते. नवशिका त्या आकड्यालाच वेग समजतो आणि तो पन्नाशीपार नेतो. मग हात छातीपाशीच थांबतात, कंबर वाकत नाही आणि सारा भार एकट्या दंडांवर येतो.

हे कोडे उलगडण्यास जव्हार-मोखाड्याचे उखळ उपयोगी पडेल. गिरण्या पोहोचण्यापूर्वी या डोंगराळ तालुक्यांत भात मुसळानेच कांडले जाई. एकाच उखळात आळीपाळीने कांडणाऱ्या दोघीजणी वारली चित्रांत आजही दिसतात. कांडणारी मुसळ उंच उचलते आणि त्याच्या वजनाने पडू देते. एकीचे मुसळ वर असताना दुसरीचे खाली, त्यामुळे घाईला वावच नाही. अर्धवट उचललेल्या मुसळाने तूस निघत नाही, श्रम मात्र होतात.

यंत्रावरही वजनच कामाला लावायचे, फक्त ते स्वतःच्या शरीराचे. हात उंच न्यावेत, पोट आवळून धड खाली सोडावे. दंडांची पाळी शेवटी.

‘कॉन्सेप्ट टू’ कंपनीच्या यंत्राच्या हिशेबाने १००० मीटर ५ मिनिटांत संपविण्यास सरासरी सुमारे १०४ वॉट शक्ती लागते. मिनिटाला ३० स्ट्रोक घेतल्यास प्रत्येकी सुमारे २०७ ज्यूल, ४० घेतल्यास १५६. कर्ज तेच, हप्ते वेगळे! हप्ता फार मोठा असेल तर स्नायू लवकर थकतात. फार लहान असेल तर हात वर नेण्याची हमालीच वाढते. वेग वाढविणेही महागच: तेच अंतर ४ मिनिटे ४० सेकंदांत कापायचे तर सुमारे १२८ वॉट, म्हणजे २३ टक्के अधिक शक्ती हवी.

आपला ताल शोधण्याची रीत सोपी आहे. हवेची झडप न हलवता, ५०० मीटरला अडीच मिनिटे किंवा आपणास झेपेल तो एकच वेग धरून, ५०० मीटरच्या तीन फेऱ्या कराव्यात: मिनिटाला ३०, ३६ आणि ४२ स्ट्रोकने. दोन फेऱ्यांमध्ये पुरती विश्रांती घ्यावी आणि प्रत्येक फेरी संपताच नाडी मोजावी. तिसऱ्या फेरीत थकवा फसवितो, म्हणून दुसऱ्या दिवशी हाच क्रम उलटा करावा. ज्या तालात नाडी सर्वांत कमी भरते, तो आपला. स्पर्धेची तयारी असेल तर प्रत्येक फेरीनंतर थोडे धावूनही पाहावे, आणि नाडीत फारसा फरक नसेल तर ज्या तालानंतर पाय हलके राहतात तो निवडावा.