नागपूर नेमकं किती वर्षांचं?

माझा पहिला सिनॉप्सिस समितीने परत पाठवला होता. शीर्षक होतं, 'नागपूर शहराचा इतिहास : प्राचीन काळापासून आजपर्यंत'. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "प्राचीन काळी नागपूर कुठं होतं?" मी छाती फुगवून सांगितलं, "मॅडम, दहाव्या शतकातल्या ताम्रपटात उल्लेख आहे." त्या म्हणाल्या, "उल्लेख गावाचा आहे की विषयाचा?" मी गप्प. ताम्रपटाचं वाचन मी उघडूनही पाहिलं नव्हतं, एका पुस्तकाच्या प्रस्तावनेतून वाक्य उचललं होतं.

पेट पास होऊन विषय शोधणाऱ्यांपैकी बरेच जण मला 'माझ्या गावाचा इतिहास घेऊ का?' असं विचारतात. घ्या की! पण माझी फजिती आधी ऐका.

तो ताम्रपट म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला सापडलेला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा, शके ८६२ म्हणजे इ.स. ९४० चा. त्यात 'नागपूर-नंदिवर्धन' या विषयातलं एक गाव दान दिल्याचं म्हटलंय. इथे 'विषय' म्हणजे प्रशासकीय विभाग, आजच्या जिल्ह्यासारखा. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन, वाकाटकांची एकेकाळची राजधानी. तिथे अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्ता राणीची मातीची मुद्राही मिळाली आहे. म्हणजे या पट्ट्यात 'नागपूर' हे नाव हजार वर्षांपूर्वी चालत होतं, एवढं पक्कं. पण आजच्या महाल-इतवारीच्या जागी तेव्हा शहर होतं, असं काही तो ताम्रपट सांगत नाही. नाव जुनं असणं आणि वस्ती जुनी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी त्या एकाच वाक्यात कोंबल्या होत्या.

बरं, वस्तीच शोधायची तर मग नावाच्याही मागे जावं लागतं. काटोल रोडने शहराबाहेर पडलात की जुनापाणीला शिळावर्तुळं दिसतात. मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले, मधे माती-गोट्यांचा ढीग. ही इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली दफनं. जवळच माहुरझरीला घोड्यांचे सांगाडे आणि त्यांचे तांब्याचे साज मिळाले, नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात जुनापाणीची वर्तुळं खणली आणि तिथल्या दगडांवरचे वाटीसारखे खळगे पाहून त्याला थेट ब्रिटनमधल्या दगडांची आठवण झाली. त्याने त्यावर लिहिलं, साम्यं दाखवली. आज कोणी एवढ्या साम्यावरून नातं जोडणार नाही. तरी त्याच्या नोंदी आपल्याला लागतातच, कारण तेव्हा उभे असलेले सगळे दगड आज जागेवर असतीलच असं नाही. त्याचा निष्कर्ष बाजूला ठेवायचा, निरीक्षण घ्यायचं. हे जमायला मला एक वर्ष लागलं.

पण ही वर्तुळं म्हणजे 'नागपूर' का? नाही. माणसं इथे तीन हजार वर्षांपासून राहतायत एवढंच त्यातून सिद्ध होतं. शहर ही वेगळी गोष्ट आहे.

शहर म्हणून आपण ज्याला नागपूर म्हणतो, ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास वसवलं. देवगड आता मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात येतं. राजापूर बारसा नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या होत्या, त्या जोडून त्याने हे गाव उभं केलं. त्याच्यानंतरच्या चांद सुलतानने राजधानीच इथे आणली, तट बांधला, तलाव केला.

आता खरी अडचण. ही माहिती आपल्याला कुठून मिळते? बख्त बुलंद कर्तबगार होता, हिंदू-मुसलमान न पाहता त्याने हुशार माणसं नेमली, शेती वाढवली, हे वर्णन सगळीकडे जवळपास त्याच शब्दांत सापडतं. मी मागे-मागे गेलो. स्थानिक पुस्तकांमागे गॅझेटियर, गॅझेटियरमागे रिचर्ड जेंकिन्सचा १८२७ चा रिपोर्ट. जेंकिन्स कोण? इंग्रजांचा नागपूरचा रेसिडेंट. म्हणजे शहर वसल्यानंतर सव्वाशे वर्षांनी, मधे भोसल्यांची राजवट होऊन गेल्यावर, १८१७ ची सीताबर्डीची लढाई जिंकलेल्या पक्षाचा माणूस गोंड राजाबद्दल लिहितोय. भोसल्यांची बखर घ्यावी तर काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी तीही रेसिडेंटच्याच काळात लिहिलेली. दहा पुस्तकांत एकच गोष्ट दिसली की आपल्याला वाटतं दहा पुरावे झाले. पुरावा एकच असतो, नऊ जणांनी तो उतरवलेला असतो.

गाईडनी मला तेव्हा डब्ल्यू. जी. हॉस्किन्सचं पुस्तक वाचायला दिलं होतं, इंग्लंडमधल्या गावांचा इतिहास कसा लिहावा यावरचं. वाचून आधी हेवाच वाटला. त्यांच्याकडे १०८६ चं डूम्सडे बुक, १५३८ पासून चर्चमध्ये जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी. आपल्याकडे बारा वाड्यांत कोण राहत होतं याचं साधं रजिस्टर नाही. पण हॉस्किन्सचं दुसरं म्हणणं फुकट घेण्यासारखं आहे: कागद संपले की पायी फिरा, जमीन आणि नावं वाचा.

मग मी गांधीसागरला जाऊन बसलो. या एका तलावाला तीन नावं आहेत. चांद सुलतानच्या काळातला जुम्मा तलाव, मग शुक्रवारी तलाव, आता गांधीसागर. जुम्मा आणि शुक्रवार म्हणजे वार तोच, फक्त बोलणाऱ्यांची भाषा बदलली. जवळचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट आहे. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शनिवारी ही सगळी वारांची नावं घेतलेल्या वस्त्या. आपण रोज रिक्षावाल्याला ही नावं सांगतो, पण साधन म्हणून त्यांच्याकडे बघत नाही.

पुढचा काळ कागदांनी भरलेला आहे, म्हणून मी भराभर सांगतो. गोंड घराण्यातल्या वारसाच्या भांडणात रघूजी भोसले मदतीला आले आणि १७४३ पासून सत्ता त्यांच्याकडेच राहिली. गोंड राजा पेन्शनवर. तिसरे रघूजी १८५३ मध्ये औरस वारस नसताना वारले, दुसऱ्या वर्षी राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी, १८६४ मध्ये नगरपालिका. त्याच वर्षी भोसल्यांचा मोठा वाडा जळाला. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली, आणि १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया 'एम्प्रेस' झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल. रुळांच्या पूर्वेला जुनं शहर, पश्चिमेला सिव्हिल लाइन्स. 'पुलापलीकडचा' हा शब्द नागपुरात अजून ज्या सुरात उच्चारतात, तो त्या काळाचाच आहे असं मला वाटतं. (थिसिसमध्ये हे वाक्य गाईड कापतील.)

१९५६ चं वर्ष मात्र घाईत सोडता येत नाही. १४ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडलं ते सांगितलं: बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक, आणि त्यांच्याशी या भूमीचं, नाग नदीचं नातं. त्यानंतर जेमतेम अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचना झाली आणि नागपूरचं राजधानीपण गेलं. हिवाळी अधिवेशन ही त्याची उरलेली भरपाई.

नाग नावाची व्युत्पत्ती काय, यावर मी तीन महिने घालवले होते. नदीवरून, सापावरून की नागवंशीयांवरून? १९५६ ने माझा प्रश्नच बदलला. नाव मुळात कुठून आलं हे ठरो न ठरो, त्या नावाचा अर्थ लावून लाखो लोकांनी आपलं आयुष्य बदललं, आणि त्याला तारीख आहे, भाषण आहे, साक्षीदार आहेत. त्यावर संशोधन होऊ शकतं.

माझा सुधारित विषय आता 'गांधीसागर परिसर : नावं, जमीन आणि वस्ती, १७०२ ते १९५६' असा आहे. समितीने तो मान्य केला. मॅडमनी फक्त १७०२ वर पेन्सिलने गोल करून बाजूला लिहिलं, 'आधार?'