फॉर्स्टर यांचे मौन

ई. एम. फॉर्स्टर यांची 'अ पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर ते ४६ वर्षे जगले, निबंध आणि चरित्रे लिहीत राहिले. नवी कादंबरी मात्र त्यांनी प्रसिद्ध केली नाही. या मौनाचे कोडे त्यांच्या निधनानंतर बऱ्याच अंशी उलगडले.

फॉर्स्टर समलिंगी होते. स्त्रीपुरुषांच्या प्रेमापलीकडे लिहिण्याची मुभा नाही, याचा कंटाळा त्यांनी १९११ मध्येच रोजनिशीत नोंदवला होता. भीती निराधार नव्हती. पुरुषांमधील खासगी संबंधांनाही गुन्हा ठरवणाऱ्या १८८५ च्या कायद्याखाली ऑस्कर वाइल्ड यांना सक्तमजुरी झाली, तेव्हा फॉर्स्टर सोळा वर्षांचे होते.

विचारवंत एडवर्ड कार्पेंटर हे डर्बीशायरमधील मिलथॉर्प येथे आपले सोबती जॉर्ज मेरिल यांच्यासह उघडपणे राहत. १९१३ मधील तेथील भेटीतून फॉर्स्टर यांना 'मॉरिस' सुचली. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही कथा सुखान्त आहे, आणि अडचण नेमकी तीच होती. नायकाने गळफास घेतला असता किंवा दोघांनी मिळून आत्महत्या केली असती, तर कादंबरी छापता आली असती, असे पुढे त्यांनीच लिहून ठेवले. हस्तलिखित निवडक मित्रांतच फिरत राहिले.

१९२१ मध्ये ते देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव होते. त्या दिवसांवरील 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ मध्ये आले. पण तेथील आपल्या समलिंगी संबंधांची हकिकत त्यांनी त्यातून वगळली. त्याच सुमारास खटल्यांचे सत्र सुरू होते. १९५२ मध्ये त्यांच्याच किंग्ज कॉलेजचे फेलो राहिलेले गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग दोषी ठरले. १९५३ मध्ये नटश्रेष्ठ जॉन गिलगुड यांना दंड झाला. फॉर्स्टर यांचे सर्वांत निकटचे मित्र बॉब बकिंगहॅम हे तर लंडनच्या पोलिस दलातच नोकरीला होते! 

१९६७ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये २१ वर्षांवरील पुरुषांचे संमतीचे खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले. फॉर्स्टर तेव्हा ८८ वर्षांचे होते. तरीही 'मॉरिस' प्रसिद्ध झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये. केवळ कायदा बदलल्याने अर्धशतकाची सवय सुटत नसावी.

१९८७ मध्ये जेम्स आयव्हरी यांनी तिच्यावर चित्रपट केला. निर्माते होते मूळचे मुंबईचे इस्माईल मर्चंट. हे दोघे आयुष्याचेही सोबती होते. त्याविषयी जाहीरपणे बोलणे मात्र आयव्हरी यांनी मर्चंट यांच्या २००५ मधील निधनानंतरही बरीच वर्षे टाळले.